झिरोचे अकरा बल्ब

आमच्या घरात अकरा झिरो बल्ब होते आणि ते अकराही काडीची वीज खात नाहीत अशी माझ्या अप्पांची ठाम समजूत होती. झिरो बल्ब म्हणजे तो लिंबाएवढा, लाल नाहीतर हिरवा, देवापाशी किंवा जिन्यात लावून ठेवतात तो. त्याच्या खोक्यावर शून्याचा आकडा आणि पुढं वॉट असं ठळक छापलेलं असायचं. शून्य वॉट म्हणजे शून्य वीज, मग विझवायचा कशाला, हा अप्पांचा हिशोब. त्यामुळं देवघर, मोरी, जिना, माळा, तुळस, मागचं दार, सगळीकडं ते दिवसाढवळ्या जळत असायचे. उलट पंख्याखालून तुम्ही पाणी प्यायला उठलात तर परत येईपर्यंत पंखा बंद झालेला असायचा. वीजबिल वाढलं की खापर त्या पंख्यावर फुटायचं.

आमचं घर तंजावूरला, राजवाड्यामागच्या गल्लीत. घरात मराठी, दारात तमिळ, शाळेत इंग्रजी. पुण्याची माणसं हे ऐकून “अय्या, तिकडे मराठी?” म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. तिकडेच मराठी, तीनशे वर्षं झाली. फक्त देवनागरी वाचता येत नव्हती, ती मी पुढं नोकरीत शिकले. तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या, आणि घ्यायचं नसेल तर राहू द्या.

अप्पा ओरत्तनाडूला एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. रोज सकाळी डबा घेऊन बसनं जायचे आणि संध्याकाळी कचेरी डोक्यात घेऊन परत यायचे. कागदावर जे लिहिलंय ते खरं, आणि ते चुकलं असेल तर दुरुस्त करायची एक पद्धत आहे, असं त्यांचं म्हणणं. खाडाखोड करायची नाही. चुकीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर ते लिहायचं, शेजारी सही, खाली तारीख. आईनं वाणसामानाच्या यादीत तूर खोडून मूग केलं तरी ते विचारायचे, “सही कुठाय?” आई त्यांच्याकडं न बघता म्हणायची, “वरणात आहे.”

मी तेव्हा पॉलिटेक्निकला होते, इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. वर्गात आम्ही मुली मोजून चार. देशात तेव्हा नवीन कारखान्यांचं पेव फुटलं होतं, आणि होसूरकडं निघालेल्या एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यानं माझी वर्षभराच्या ट्रेनिंगला निवड केली होती. राहायला हॉस्टेल, हातात थोडा पगार. फक्त फॉर्मवर पालकांची सही हवी होती. तो फॉर्म अप्पांनी पितळी पेपरवेटखाली ठेवला, आणि तिथं तो दोन आठवडे पडून राहिला. शेवटची तारीख जवळ आली तशी मी येता-जाता पेपरवेट उचलून बघायला लागले. मला त्या कारखान्यात जायचंच होतं. देवाशपथ सांगते, त्याआधी किंवा त्यानंतर मला कशाचाही इतका हव्यास सुटला नाही.

एका बुधवारी जेवताना मी विषय काढला. अप्पा आंबट वरणात भात कालवत म्हणाले, “पोरीनं करंट हातांत धरायचा? नोको. टायपिंगला जा. लोअर कर, हायर कर. आपल्या कचेरींत लागशील.”

मी म्हणाले, “करंट हातात धरत नाहीत अप्पा, मोजतात.”

“मोजून काय होतं?”

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा राग नाकावरच असतो. मी म्हणाले, “मोजलं की कळतं. तुमचे अकरा झिरो मिळून दोन पंख्यांपेक्षा जास्त वीज खातात, हे तुम्हांला तीस वर्षं कचेरी करून कळलं नाही.”

आईनं ताकाचं भांडं खाली ठेवलं. अप्पांनी पानातला भात संपवला. मग फार शांतपणे, कचेरीतल्या आवाजात म्हणाले, “सरि, ठीक. सिद्ध कर. झिरो म्हणजे झिरो नाही हें सिद्ध केलंस तर फॉर्मावर सही. नाही केलंस तर सोमवारपासनं टायपिंग.”

मला वाटलं, एवढंच ना? कुठल्याही वस्तूवर किती व्होल्ट आहेत आणि तिच्यातून किती करंट वाहतो हे दोन आकडे हाती आले की बाकी सगळं तिच्याकडून वदवून घेता येतं. व्होल्टला करंटनं भागलं की तिचा रेझिस्टन्स, दोन्हींचा गुणाकार केला की तिची पॉवर, म्हणजे ती किती खाते ते. भागाकार आणि गुणाकार. चौथीतलं पोर करेल.

अडचण एवढीच होती की माझ्या स्वस्तातल्या मल्टिमीटरवर घरातला करंट मोजायची सोयच नव्हती, फक्त व्होल्ट कळायचे. मग मी बसस्टँडजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून शंभर ओहमचा एक रेझिस्टर आणला, शेंगदाण्याएवढा, आणि तो जिन्यातल्या बल्बच्या वायरीत मधे घातला. बल्बमधून जाणारा करंट आधी त्याच्यातून जाणार. त्याच्या दोन टोकांना मीटर लावला तर साडेसहा व्होल्ट. साडेसहाला शंभरानं भागलं, म्हणजे करंट आला शून्य पूर्णांक शून्य सहा पाच अँपिअर. बल्बवर व्होल्ट दोनशेतीस. आमच्या गल्लीला एवढे व्होल्ट दुपारीच काय ते मिळायचे. गुणाकार केला, पंधरा वॉट. भागाकार केला, साडेतीन हजार ओहम. शून्य कुठं औषधालाही नव्हता. अकरा बल्बांचे झाले एकशेपासष्ट वॉट.

सगळं स्वच्छ वहीत मांडून मी अप्पांपुढं ठेवलं. त्यांनी वही वाचली नाही. मल्टिमीटर उलटा करून त्याचा तळ बघितला आणि विचारलं, “ह्याच्यावर शिक्का कुठाय?”

“कसला शिक्का?”

“सर्कारी. हें यंत्र बरोबर दाखवतं म्हणून कोणी सही केलीय?”

कुणी केली नव्हती. ते यंत्र मामानं सिंगापूरहून आणलं होतं आणि मामाच्या सहीला आमच्या घरात किंमत नव्हती. अप्पांनी वही परत केली. मी वहीसकट माळ्यावर जाऊन बसले आणि तिथल्या झिरो बल्बला मनात येतील त्या शिव्या घातल्या, तमिळमधे, कारण मराठीत मला तेवढ्या येत नाहीत.

माळ्यावरच मला सुचलं. दाराबाहेरच्या ओट्यावर, ज्याला आम्ही तिण्णै म्हणतो, सरकारी मीटर होता. त्याच्यावर शिशाची मोहोर होती, मोहोरेवर छाप होता. काचेआड ॲल्युमिनियमची चकती फिरायची, तिच्या कडेला एक लाल खूण होती, आणि पट्टीवर छापलं होतं की चकतीचे बाराशे फेरे म्हणजे एक युनिट, म्हणजे हजार वॉट तासभर. एकशेपासष्ट वॉटला तासाला एकशेअठ्ठ्याण्णव फेरे. म्हणजे फक्त अकरा झिरो चालू ठेवले तर लाल खूण अठरा सेकंदांनी परत समोर यायला हवी. सेकंदापर्यंत आधी सांगायचं आणि मग सरकारच्याच चकतीकडून वदवून घ्यायचं.

अप्पांना हे पसंत पडलं. त्यांनी माझा आकडा एका चिठ्ठीवर लिहून घेतला, पाकिटात घातला, डिंकानं चिकटवला आणि जोडावर सही केली. टेंडरचं करतात तसं. “आकडा जुळला तर मंजूर,” ते म्हणाले. “नाही जुळला तर फाइल बंद.”

रविवारी दुपारी तिण्णैवर आम्ही जमलो. अप्पा मनगटी घड्याळ हातात काढून धरलेले, आई पदराला हात पुसत, मी वही घेऊन, आणि शेजारची मामी, नात्यातली नव्हे, गल्लीची. मामीला कुणी बोलावलं नव्हतं, पण आमच्या तिण्णैच्या आणि तिच्या तिण्णैच्या मधे फक्त एक खांब होता. पंखे बंद, मिक्सर बंद, इस्त्रीची वायर काढून मामीच्या हातात दिलेली. घरभर फिरून मी अकरा झिरो तेवढे चालू ठेवले.

चकती फिरत होती. तिच्याकडं बघून अप्पांच्या भुवया वर गेल्या. लाल खूण समोर आली आणि त्यांनी मोजायला सुरुवात केली. खूण परत आली.

“साडेचौदा,” अप्पा म्हणाले.

“परत मोजा.”

परत साडेचौदा. मामीनं तिच्या घड्याळावर मोजलं, तेही साडेचौदा. अप्पांनी पाकीट फोडलं, चिठ्ठी बाहेर काढली आणि सगळ्यांना दाखवली. अठरा.

“अप्पा, चकती फिरतेय. झिरो असता तर हलली असती का?”

“फिरतेय, कबूल. पण तुझा आकडा चुकला. चुकीच्या आकड्याची फाइल पुढं जात नाही. आणि असल्या हिशोबावर तूं ट्रान्सफॉर्मर करणार? मग काय, त्या गावाचं नशीब.”

मामी हसली. मला तोंडात मारल्यासारखं झालं. टायपिंग इन्स्टिट्यूटचा तो खडखडाट मला तिण्णैवर बसून ऐकू यायला लागला. पण माझी वही चुकली नव्हती, मी चार वेळा मांडलं होतं. आणि सरकारी चकती तर चुकूच शकत नव्हती, हे अप्पांनीच ठरवलेलं. दोघीही खरं बोलत असतील तर मधल्या फरकाला मालक पाहिजे. मी तिथंच जमिनीवर बसून उलटा हिशोब मांडला. साडेचौदा सेकंदांना एक फेरा, म्हणजे तासाला जवळजवळ अडीचशे, म्हणजे दोनशेपाच वॉट आणि वर थोडं. त्यातून एकशेपासष्ट वजा केले. राहिले चाळीस.

चाळीस. किती गोड आकडा. एकोणचाळीस नाही, पंचेचाळीस नाही. कुठल्याही दुकानात मागा, कागदात गुंडाळून देतात तो चाळीस.

मी उठून म्हणाले, “घरात कुठंतरी चाळीसचा बल्ब चालू आहे.”

“अस्क, सगळं बंद आहे,” आई म्हणाली. “मी स्वतः बघितलं.”

“आहे. अकराही झिरो विझवते, तरी चकती थांबायची नाही. पंचाहत्तर सेकंदांनी लाल खूण परत येईल. मोजा.”

मी आत जाऊन अकराही विझवले. बाहेर आले तो आई आणि मामी काचेला नाक लावून उभ्या. चकती रांगत होती, पण थांबली नव्हती. मामी तमिळमधे मोठ्यानं आकडे मोजत होती आणि पंचाहत्तरला खूण समोर आली तेव्हा तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला पुढची दहा वर्षं तेवढ्यावर काढता आली असती.

“हा मीटर बिघडलाय,” अप्पा म्हणाले.

आम्ही तिघीही त्यांच्याकडं वळलो. सरकारी, मोहोर लावलेला मीटर बिघडलाय असं माझे अप्पा म्हणत होते. मग ते म्हणाले ऊन फार आहे, मग म्हणाले ताक द्या, आणि आत जाऊन त्यांच्या खोलीतल्या लाकडी कपाटाला पाठ लावून उभे राहिले. त्या कपाटाची किल्ली ते जानव्याला बांधून फिरायचे आणि आत कचेरीचे कागद आहेत असं आम्हांला सांगून ठेवलेलं होतं.

आईनं नुसता हात पुढं केला. अप्पांनी किल्ली काढून दिली.

कपाट उघडलं आणि उबदार हवा तोंडावर आली. आत, वरच्या फळीला टांगलेला, चाळीसचा बल्ब लख्ख जळत होता. खालच्या फळीवर रेशमी फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं, आमच्या खापरपणजोबांचे मोडीतले कागद. आमच्याकडं दमट हवा, वाळवी, कसर. कागद कोरडे राहावेत म्हणून अप्पांनी तो बल्ब लावला होता आणि नऊ वर्षं दिवसरात्र तो विझला नव्हता. आणि नऊ वर्षं आम्ही पंख्याखालून उठलो की बोलणी खात होतो.

आईनं किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली, हे वाईट होतं. मी वायर बघायला गेले. कपाटामागच्या भोकातून ती मोरीत जात होती आणि झिरोच्या वायरीला, स्विचच्या आधीच, हातानं पिळून जोडलेली होती. जोडावर टेपसुद्धा नव्हती, जुन्या वेष्टीची, म्हणजे धोतराची, पट्टी गुंडाळली होती. पोरीनं करंट हातात धरू नये म्हणणाऱ्या माणसानं मोरीच्या ओल्या भिंतीवर हे केलं होतं, आणि नऊ वर्षं आम्ही तिथं आंघोळी करत होतो. आधी मेन बंद केला, जोड सोडवला, मोकळी टोकं टेपनं बंद केली आणि मग परत येऊन विचारलं, “चाळीसचाच का? झिरो का नाही लावला?”

अप्पा खाली बघत म्हणाले, “झिरो काही खातच नाही. मग ऊब कुठनं देणार?”

इतकं बिनचूक तर्कट मी डिप्लोमात ऐकलं नव्हतं. मी मेन चालू केला, देवघरातला झिरो लावला आणि आमटी उकळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ त्यांना त्याच्यासमोर बसवून ठेवलं. मग म्हणाले, “आता बोट लावा.”

अप्पांनी बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. “भाजतं,” ते म्हणाले.

आयुष्यभर त्यांनी जळत्या झिरोला हात लावला नव्हता, आणि मीही नव्हता लावायला सांगितला. रेझिस्टर, वही, पाकीट, चकती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. स्वतःचाच इतका राग आला की हसू फुटलं. आईही हसायला लागली, आणि ती हसली म्हणजे अप्पांना माफी मिळाली.

त्या संध्याकाळी मी कपाटात नवा झिरो लावला, नीट वायर ओढून, स्विच बसवून. अप्पा गाठोडं मांडीवर घेऊन बाजूला बसले होते. मी विचारलं, “गल्लीच्या टोकाला मोडी वाचणारे आहेत. एकदा दाखवत का नाही? काय लिहिलंय ते कळेल तरी.”

“नोको,” ते म्हणाले. गाठोड्यावरून हात फिरवत म्हणाले, “एकदा वाचलं की काय आहे तें ठरतं. काहीच नसलं तर?” मग फडक्याची गाठ आवळत, माझ्याकडं न बघता, “तुझ्या फॉर्माचंही तसंच. सही केली की तूं गेलीस.”

मला वाटत होतं भांडण करंटवरून आहे. बुधवारपासून मी ह्या माणसाशी व्होल्ट-अँपिअरमधे भांडत होते. मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि रडले, चांगली रडले. अप्पा म्हणाले, “कपाटांत पाणी सांडू नोको.”

मग ते उठले. टेबलावर झिरोचं रिकामं खोकं पडलं होतं. त्यांनी चष्मा लावला, पेन उघडलं आणि खोक्यावरच्या छापील शून्यावर एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर पंधरा लिहिलं. शेजारी सही, खाली तारीख. शाई वाळेपर्यंत थांबले. पेनाचं टोपण लावायच्या आधी पेपरवेट उचललं, फॉर्म पुढं ओढला आणि त्याच्यावर सही केली.

होसूरला त्यांचं पहिलं पत्र आलं ते महिन्याभरानं. मराठी पत्र, तमिळ अक्षरांत, आम्ही सगळे तसंच लिहायचो. घरातले दहा झिरो आता दिवसा बंद असतात, असं कळवलं होतं. कपाटातला चालू आहे. आईची तब्येत बरी. मामीला मिक्सरची वायर दुरुस्त करून हवी आहे, ती तुझ्यासाठी थांबली आहे. आणि शेवटी, सहीच्या वर: “दारांतला एक रात्रंदिवस ठेवलाय. पंधरा खातो, ठाऊक आहे. तूं येईपर्यंत खाऊं दे.”